लिथियम, सिव्हिल आणि मोटारीची खोली: तालुक्यात मानसोपचाराची घडी बसवताना

या प्रकरणातलं नाव बदललं आहे आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. कुटुंबाने मजकूर वाचून संमती दिली आहे. मी जिल्ह्यात मानसिक आरोग्याच्या कामात सामाजिक कार्यकर्ती आहे. या घराशी माझा संबंध आला तो विनायकच्या थोरल्या बहिणीच्या फोनमुळे.

पार्श्वभूमी

विनायक २८ वर्षांचा, आयटीआय फिटर. गाव पश्चिम महाराष्ट्रातल्या एका दुष्काळी तालुक्यात. घरी तीन एकर रान, त्यात एकरभर डाळिंब, बाकी बाजरी आणि ज्वारी. घरात वडील, म्हणजे अण्णा, आणि आई. ताईला तालुक्याच्याच गावी दिलेली, तिच्या चुलतदिराचं तिथे मोबाइलचं दुकान. विनायक चाकणला एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता, तिन्ही शिफ्टमध्ये.

दोन वर्षांपूर्वी त्याला काही महिने काहीच सुचत नव्हतं. जेवण तुटलं, कामावर दांड्या पडल्या. तिथल्या एका डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या दिल्या, बरं वाटल्यावर त्याने त्या स्वतःच बंद केल्या. मग एका दिवाळीच्या आसपास झोप दोन-तीन तासांवर आली. मोबाइलवरच्या ॲपमधून त्याने कर्जं उचलली, जुन्या टेम्पोला इसार देऊन टाकला, सुपरवायझरशी हातघाईवर आला. खोलीतल्या मित्रांनी त्याला पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात दाखल केलं. निदान झालं बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे मन कधी खोल खाली जातं आणि कधी बेफाम वर चढतं असा आजार. तीन आठवड्यांनी सुट्टी मिळाली आणि अण्णा त्याला गावी घेऊन आले.

सुट्टीच्या कागदावर लिहिलं होतं: लिथियम (मन स्थिर ठेवणारी गोळी) ३०० मिलिग्रॅम, सकाळी एक, रात्री दोन, ओलान्झापिन (चढलेलं मन शांत करणारी गोळी) १० मिलिग्रॅम रात्री, दोन आठवड्यांनी फेरतपासणी, सीरम लिथियम (रक्तातलं लिथियमचं प्रमाण). फेरतपासणी कुठे, कोणाकडे, रक्त कुठे द्यायचं, यावर एक अक्षर नव्हतं. पेशंट दीडशे किलोमीटरवरच्या गावी निघाला आहे हे मात्र त्याच कागदावर पत्त्याच्या रकान्यात लिहिलेलं होतं.

अडचण

गोळ्या संपल्या. तालुक्यातल्या मेडिकलवाल्याने सांगितलं, "लिथियम ठेवत नाही, मागवावं लागेल, चार-पाच दिवस जातील." गावातल्या डॉक्टरांचा दवाखाना पंचवीस वर्षांचा, घरातल्या सगळ्यांची दुखणी त्यांच्याच हाताखालून गेलेली. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "अण्णा, ही गोळी माझ्या हातची नाही. रक्त बघितल्याशिवाय मी देणार नाही."

या चार-पाच दिवसांत विनायक पहाटे तीनला उठून ड्रिपच्या नळ्या साफ करायला लागला. अण्णांना आनंद झाला, पोरगं कामाला लागलं म्हणून. आईला मात्र ते रुचलं नाही. दिवाळीच्या आधी फोनवर त्याचा जसा आवाज यायचा, तसाच आता येतोय, असं ती ताईला म्हणाली. ताईने त्याच दिवशी मला फोन केला. या प्रकरणातला पहिला खरा निर्णय आईचा आहे, असं मी मानते. झोप कमी होणं आणि उत्साह वाढणं ही सुधारणा नसून चढत्या आजाराची चाहूल असू शकते, हे तिने कागदावर वाचलेलं नव्हतं, पोराला पाहून ओळखलं होतं.

विनायकची स्वतःची तक्रार निराळी होती. हात बारीक थरथरतात, वजन वाढलंय, सारखी तहान लागते. शिवाय, "सगळे मला गोळीबद्दल विचारतात, माझ्याबद्दल कोणी विचारत नाही." त्याला बोलायला माणूस हवा होता.

ताईचा प्रश्न होता, "मॅडम, आमच्याकडं कोणी चांगला डॉक्टर आहे का?" तालुक्याला त्याचं सरळ उत्तर नाही असंच होतं. देशात दर लाख लोकसंख्येमागे एक मनोविकारतज्ज्ञही भरत नाही आणि आहेत ते बहुतेक शहरांत. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बायपोलर असलेल्यांपैकी साधारण ७० टक्के लोक उपचाराबाहेर आढळले होते. म्हणून आम्ही तो प्रश्नच फोडला. डोस कोण ठरवणार? रक्त कोण तपासणार? गोळ्या कुठून येणार? विनायक बोलणार कोणाशी? आणि अपरात्री काही झालं तर फोन कोणाला? ताईने वहीच्या पानावर ही पाच कामं एकाखाली एक लिहिली. पुढचं सगळं त्या पानावरून चाललं.

पर्याय आणि त्यांचं वजन

पुण्याच्याच डॉक्टरांकडे दर महिन्याला जाणं अण्णांना पटत होतं, कारण त्यांनी विनायकला वाईट अवस्थेत पाहिलं होतं. पण एसटीने जाऊन-येऊन अख्खा दिवस, दोन माणसांचं भाडं, फी, आणि घरची दोन माणसं रानाबाहेर. दोन-तीन महिने कोणीही करेल. लिथियम वर्षानुवर्षं घ्यायचं असतं.

तालुक्याच्या एका खासगी दवाखान्यात महिन्यातून एकदा बाहेरून मनोविकारतज्ज्ञ येतात. ताई जाऊन पाहून आली. रांग रस्त्यापर्यंत, एका पेशंटला काही मिनिटं, आणि मधल्या तीस दिवसांत डॉक्टर गाठायची सोय नाही. साध्या नैराश्याच्या पेशंटला ती सोय उपयोगी पडते, पडतेच. नुकतंच लिथियम सुरू झालेल्या माणसाला मधले तीस दिवसच धोक्याचे असतात.

तिसरा पर्याय जिल्ह्याच्या सिव्हिलचा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून देशात टप्प्याटप्प्याने आला आणि त्यातून जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि मानसोपचार सामाजिक कार्यकर्ता असा चमू असावा अशी रचना आहे. औषधं मोफत. आमच्याकडे त्या वेळी मानसशास्त्रज्ञाचं पद रिकामं होतं, बाकीचे होते. अण्णांची हरकत वेगळीच होती: "सिव्हिलच्या त्या खोलीबाहेर गावातल्या कोणी बघितलं तर?" ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पोराचं लग्न व्हायचं आहे, गाव लहान आहे.

येरवड्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय कोणीतरी सुचवलं. राज्यात अशी चार रुग्णालयं आहेत, पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. पण विनायकला भरती होण्याची गरज नव्हती आणि लांबचा प्रश्न तिथेही तसाच राहिला असता.

बोलण्याच्या बाबतीत पहिला पर्याय चालून आला तो फलकावरून. तालुक्यात एक समुपदेशन केंद्र होतं. ताईच्या यजमानांनी चौकशी केली तर तिथून सांगण्यात आलं, संमोहनाच्या बारा बैठका, तीन महिन्यांत गोळ्या बंद. विनायकला हे हवंहवंसं वाटलं. इथे आम्ही थांबून समजावून घेतलं. अशा आजारात गोळी ठरवणं आणि बंद करणं हे काम मनोविकारतज्ज्ञाचं, म्हणजे त्या विषयात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेल्या डॉक्टरचं असतं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषध देत नाही, त्याची नोंदणी आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि नोंदणी क्रमांक विचारता येतो. समुपदेशक हा शब्द मात्र आज कोणीही पाटीवर लावू शकतो. चांगले समुपदेशक पुष्कळ आहेत, मी त्यांच्याबरोबर काम करते. पण बायपोलरच्या पेशंटला न पाहताच गोळ्या सोडवण्याचं वचन देणारा माणूस, त्याच्याकडे कोणतीही पदवी असो, टाळावा. लिथियम एकदम तोडलं तर आजार उलटण्याची शक्यता वाढते. ताईने केंद्राला फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. उत्तर मिळालं नाही, विषय संपला.

काय केलं

पहिलं काम गोळ्यांचं होतं, कारण झोप उडाली होती. ताईने १४४१६ वर फोन लावला. टेली-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या समुपदेशकाने सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं की थांबू नका, उद्याच सिव्हिलच्या मनोविकार विभागात न्या, सुट्टीचा कागद आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं बरोबर ठेवा. अण्णा तयार झाले ते पाकिटांच्या सूचनेमुळे. "म्हणजे डॉक्टरला दाखवायला काहीतरी आहे आपल्याकडं," असं ते म्हणाले.

सिव्हिलमध्ये केसपेपर निघाला. डॉक्टरांनी पाकिटं पाहिली आणि जुना इतिहास विचारला. नैराश्याची गोळी एकटी, म्हणजे सोबत लिथियमसारखं औषध नसताना, घेतली होती हे तिथे पहिल्यांदा पुढे आलं. बायपोलरमध्ये अशी गोळी एकटी दिली तर मन वर चढण्याचा धोका असतो, म्हणून हा तपशील कागदावर असणं महत्त्वाचं. औषधं तीच ठेवली, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) आणि थायरॉइडची तपासणी लिहिली. लिथियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि थायरॉइडवर परिणाम करू शकतं, त्यामुळे या दोन तपासण्या त्याच्याबरोबर कायमच्या येतात.

मग सीरम लिथियम. तालुक्यातल्या लॅबमध्ये ही तपासणी होत नाही, नमुना बाहेर पाठवतात. पहिला रिपोर्ट १.३ आला. साधारण ०.६ ते १.० च्या दरम्यान असावं, म्हणून ताई घाबरली आणि गोळी कमी करायची का असं विचारू लागली. सिव्हिलच्या डॉक्टरांनी फोनवर एवढंच विचारलं, "रक्त द्यायच्या आधी सकाळची गोळी घेतली होती का?" घेतली होती. आईने दूध-बिस्किटाबरोबर आठवणीने दिली होती, कारण लॅबवाल्याने "काही खाऊन आलात तरी चालेल" एवढंच सांगितलेलं. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं असतं. आठवड्याने नीट वेळ पाळून दिलं तेव्हा ०.८ आलं. त्या एका प्रश्नामुळे एका बऱ्या चाललेल्या माणसाचा डोस विनाकारण उतरला नाही.

डोस ठरवणारा डॉक्टर एकच असेल, तो सिव्हिलचा, हे ठरलं. पुण्याच्या डॉक्टरांना तसं कळवलं आणि त्यांनी जुन्या नोंदींचा गोषवारा पाठवला. मेडिकलवाल्याशी ताईच्या दिराने बोलून ठेवलं, सिव्हिलमध्ये साठा नसेल त्या महिन्यासाठी एक पाकीट कायम बाजूला. गावच्या डॉक्टरांना कागद नेऊन दिला. ते म्हणाले, "आता मला कळलं मी काय करायचं आणि काय नाही." वजन, रक्तदाब आणि हाताची थरथर ते महिन्याला बघू लागले.

बोलण्यासाठी आरसीआय-नोंदणी असलेल्या एका मानसशास्त्रज्ञ बाईंची वेळ मिळाली, व्हिडिओवर, पंधरवड्याला एकदा. आता बसायचं कुठे? घरात दोन खोल्या आणि आईचा जीव भिंतीला कान लावून. विनायकने स्वतः जागा शोधली, विहिरीवरची मोटारीची खोली. रेंज चांगली, लाइट असली की मोटारीचा आवाज, म्हणून भारनियमनाची वेळ बघून बैठक ठरायची. खताच्या रिकाम्या पोत्यांवर बसून, स्टार्टरच्या डब्याला फोन टेकवून तो तासभर बोलायचा. पहिल्या बैठकांत आजाराबद्दल फार कमी आणि ॲपवाल्यांच्या फोनबद्दल, गावात तोंड दाखवण्याबद्दल जास्त बोलणं झालं. मग झोपेची वेळ, उठण्याची वेळ, जेवण, शिफ्टचं काम पुन्हा घ्यायचं की नाही. चढायला लागलो हे कसं ओळखायचं याची त्याने स्वतःची यादी केली. पहिली खूण त्याच्याच शब्दांत: "मोबाइलवर नवीन धंद्याचे व्हिडिओ बघत रात्रीचे दोन वाजले की समजायचं."

दोन बैठका अण्णांबरोबरही झाल्या. अण्णा रोज पारावर, चार माणसांत विचारायचे, "गोळी घेतली का रं?" काळजीपोटीच. पण त्या प्रश्नामुळेच विनायकला गोळी नकोशी झाली होती. ठरलं असं की सात खणांची डबी आणायची, विनायकने रविवारी स्वतः भरायची आणि आईने रात्री फक्त खण रिकामा आहे का बघायचं. अण्णांनी विचारायचं नाही. अण्णांना ते जड गेलं, पण त्यांनी पाळलं.

आणखी एक निर्णय कायद्यातला होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, २९ मे २०१८ पासून लागू. त्यात पेशंटला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी स्वतः नेमता येतो, साध्या कागदावर सहीनिशी. विनायकने अण्णांचं नाव न लिहिता ताईचं लिहिलं. घरात एक दिवस अबोला होता. ताईने अण्णांची समजूत काढली ती अशी: तुम्ही त्याच्यापाशी रोज आहात, मी कागदपत्रापुरती.

उन्हाळ्यातली रात्र

वैशाखात विनायकच्या कंबरेत उसण भरली. गावचे डॉक्टर लग्नाला बाहेरगावी होते, म्हणून तो शेजारच्या गावात गेला. तिथे डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन आणि पाच दिवसांच्या गोळ्या मिळाल्या. त्याच आठवड्यात ऊन चाळिशीपार, त्याला जुलाबही लागले. चौथ्या दिवशी रात्री आईने चहा दिला तर त्याला बशी धरता येईना. चालताना झोक जात होता, जीभ जड झाली होती. अण्णांना वाटलं, पोरगं पिऊन आलं.

यात झालं होतं असं. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं मूत्रपिंडातून लिथियम बाहेर जाणं कमी करतात. घाम आणि जुलाबात शरीरातलं मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंड लिथियम आणखी धरून ठेवतं. डोस तोच असूनही रक्तातलं प्रमाण विषारी पातळीला जाऊ शकतं.

ताईच्या पानावर पाचव्या कामापुढे माझा आणि सिव्हिलचा नंबर होता. निर्णय दोन होते. रात्रीच्या लिथियमच्या गोळ्या द्यायच्या का? नाही, लगेच थांबवायच्या. आणि सकाळपर्यंत थांबायचं का? तेही नाही. १०८ ला फोन लावला. ॲम्ब्युलन्सने तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथे सलाइन सुरू करून सिव्हिलला पाठवलं. पातळी १.९ निघाली. मूत्रपिंडाची तपासणी बरी होती, डायलिसिसची वेळ आली नाही. चार दिवसांनी तो घरी आला आणि नंतर रात्रीच्या ६०० मिलिग्रॅमवर पुन्हा सुरुवात झाली.

इशाऱ्याचा कागद घरात होता. देवघराशेजारच्या फळीवर. पण त्यावर इंग्रजीत लिहिलं होतं, एनएसएआयडी, म्हणजे डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं, टाळा. शेजारच्या गावातल्या डॉक्टरांना तो दिसला नाही आणि दिसला असता तरी विनायकला त्याचा अर्थ माहीत नव्हता. आता नवा कागद मराठीत आहे, मोबाइलच्या कव्हरमध्ये मावेल एवढा: "मी लिथियम घेतो. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालेल. डायक्लो, ब्रुफेन, एसिक्लो नको. लघवी वाढवणारी किंवा बीपीची गोळी विचारल्याशिवाय नको. जुलाब-उलटी झाली तर लिथियम थांबवून फोन."

परिणाम

दीड वर्ष झालं. आजार उलटून पुन्हा भरती करावी लागली नाही. पातळी ०.६ ते ०.८ मध्ये राहते, ओलान्झापिन डॉक्टरांनी हळूहळू उतरवून बंद केली, वजन थोडं उतरलं. थायरॉइडच्या तपासणीतलं टीएसएच किंचित वाढलेलं आहे, दर सहा महिन्यांनी बघतात. विनायक तालुक्यात ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजमध्ये काम करतो, फक्त दिवसाचं. जत्रेत दोन रात्री जागरण झालं आणि यादीतली पहिली खूण दिसली, तेव्हा त्याने स्वतः ताईला सांगितलं, सिव्हिलमध्ये दाखवून आला आणि आठवड्यात झोप जागेवर आली. मानसशास्त्रज्ञांबरोबरच्या बैठका आता दोन महिन्यांतून एक.

सगळं सुरळीत नाही. सिव्हिलच्या डॉक्टरांची बदली झाली, नव्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. लिथियमचा साठा संपण्याची वेळ आली तेव्हा मेडिकलमधलं बाजूला ठेवलेलं पाकीट कामी आलं. ॲपचं कर्ज अजून फिटतंय.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी सुट्टीच्या वेळी. पेशंट दुसऱ्या जिल्ह्यात जाणार असेल तर तिथल्या सिव्हिलचा मनोविकार विभाग शोधून, चिठ्ठी देऊन, एक महिन्याच्या गोळ्या हातात ठेवूनच सुट्टी द्यायला हवी होती. तो अर्ध्या तासाचा वेळ तिथे काढला असता तर गोळ्यांत खंड पडला नसता.

लॅबच्या पावतीवर लिथियमपुढे "शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी" अशी ओळ छापलेली असावी. आमच्या तालुक्यातल्या लॅबने ती आता हाताने लिहायला सुरुवात केली आहे.

वेदनाशामकांचं बोलणं पहिल्याच भेटीत, मराठीत आणि दुकानात ज्या नावाने गोळी मागतात त्याच नावाने व्हायला हवं. शेतकऱ्याच्या घरी पाठ-कंबर दुखणं वर्षातून एकदा तरी ठरलेलं असतं. त्यामुळे उन्हाळ्याआधी, फाल्गुनातच एकदा पातळी तपासून घेणं आणि पाणी-मिठाबद्दल बोलणं, हे मी आता लिथियमवरच्या प्रत्येक घराला सुचवते.

अण्णांशी बोलणं लवकर व्हायला हवं होतं. त्यांना आजाराची ओळख झाली ती बैठकांमध्ये, तोपर्यंत पहाटे तीनची मेहनत त्यांना सुधारणा वाटत राहिली होती.

सध्या घरात विषय लग्नाचा आहे. स्थळ आलं आहे. अण्णा म्हणतात, आधी ठरू दे, मग सांगू. विनायकचं म्हणणं आहे की मुलीला पहिल्या भेटीतच सांगायचं, आणि ताई त्याच्या बाजूने आहे. पुढची व्हिडिओ बैठक याच विषयावर आहे, आणि या वेळी अण्णा मोटारीच्या खोलीत त्याच्याबरोबर बसणार आहेत.